पाऊस पडायच्या आत आमच्या प्रशालेच्या मैदानावर मुरूम पडू द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
आणि मा. जिल्हा क्रीडा अधिकारी

साहेब, मॅडम, सगळ्यांना नमस्कार.

मी शेती करणारी बाई आहे. मांजरेच्या खोऱ्यात आमचं चार एकर रान आहे, त्यातलं निम्मं कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मोठ्या लेकीची नववीची परीक्षा आत्ताच झाली, ती जिल्हा परिषद प्रशालेत आहे आणि मी स्वतः त्याच प्रशालेत पाचवी ते दहावी शिकले. माझं सासर तिथून दोन कोसावर. सासरच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळं आमच्यासारख्या पाच-सहा गावांची, वस्त्यांवरची आणि एका तांड्याची लेकरं आठवीपासून ह्या एकाच शाळेत येतात, पोरी मानव विकासच्या बसनं, पोरं सायकलवर, बाकीचे पायी. पत्र लिहायची सवय नाही, बोलल्यासारखं लिहायले, चुकलं तर सांभाळून घ्या.

मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. मैदानावर मुरूम. मृग लागायच्या आत.

आता कावून ते सांगते. आमच्या शाळेचं मैदान अडीच एकराचं आहे. शहरातल्या शाळांना एवढी जागा बघायला मिळत नाही, पाहुणे आले की म्हणतात काय मैदान आहे हो तुमचं! पण ती सगळी काळी आहे, चांगली पुरुषभर खोल काळी. कापूस लावला तर सोनं पिकंल. पहिला पाऊस पडला की तिच्यावर पाय ठेवला तर चप्पल तिथंच राहती आणि पाय वर येतो, दहा पावलं चाललं की एकेका बुटाला किलोकिलो चिखल. एकदा भिजली की वरून वाळल्यासारखी दिसती, आत आठ-आठ दिवस ओली. त्यात पुन्हा पाऊस. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्या अडीच एकरावर गवत आणि बेडकं, लेकरू एक नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या रानातली माती खरडून गेली, सोयाबीन शेंगातच उगवली, आणि शाळेच्या मैदानात दोन आठवडे गुडघाभर पाणी.

आणि शालेय क्रीडा स्पर्धा कधी असतात? तालुक्याच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. चौदा वर्षांखालचे, सतरा वर्षांखालचे, एकोणीस वर्षांखालचे, सगळे ह्याच दिवसांत. म्हणजे ज्या महिन्यांत स्पर्धा, नेमक्या त्याच महिन्यांत आमचं मैदान बंद. नोव्हेंबर उजाडला की मैदान वाळून कसं मस्त होतं, पण तवर आमची टीम कधीचीच हरून घरी आलेली असती आणि शिवाय दिवाळी झाली की वर्गातली बरीच लेकरं आई-बापासोबत कारखान्याला गेलेली असतात, ऊसतोडीला. एप्रिल-मेमध्ये तर ह्या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. मागच्या उन्हाळ्यात सातवीतल्या एका पोराचा पाय असाच मुरगळून सुजला, महिनाभर लंगडत होता. तेव्हा वर्षातले खेळण्यासारखे महिने मोजले तर फार तर पाच. आणि त्या पाच महिन्यांत आमच्या वाट्याला एकही स्पर्धा नाही.

माझी लेक खो-खो खेळती. टीममधल्या पोरी सराव कुठं करतात ते तुम्ही येऊन बघावं असं मला लई वाटतं. शाळेच्या व्हरांड्यात. जुनी शहाबादी फरशी आहे, घासून गुळगुळीत झालेली. आठ पोरी एका लायनीत उकिडव्या बसतात, रुंदी एवढीच की बसलेल्या पोरीच्या पाठीमागून पळणारी भिंतीला खांदा घासून जाती. तिथं 'खो' द्यायचा सराव होतो, उठायचा सराव होतो, वळायचा थोडाफार. पडायचा नाही. फरशीवर सूर कोण मारणार? माझ्या लेकीच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या आहेत, एक वाळली की दुसरी. व्हरांड्याच्या कडेचे दोन लोखंडी खांब हेच त्यांचे खुंट. पण त्या खांबाला चार बोटांवर भिंत आहे, त्याच्या भोवती फिरता येत नाही, आणि ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना माहितीये की सगळा खेळ खुंटाच्या भोवतीच आहे, पळणारी तिथंच सुटती आणि मारणारी तिथंच मारती.

मैदानात खरे खुंट आहेत, नाही असं नाही. पण काळी माती पाण्यानं फुगती आणि उन्हानं आकसती, घराच्या भिंतीसुद्धा ती फाडती तर खुंटाचं काय. दरवर्षी खुंट तिरपा होतो. शिपाई मामा दरवर्षी उकरून, दगड घालून, पुन्हा सरळ करतात, पहिल्या दोन पावसांत पुन्हा हालायला लागतो. हातानं धरून हलवला की दुधाच्या दातासारखा हलतो तो.

मागच्या तालुक्याच्या स्पर्धेला मी गेले होते. फवारणीचे दिवस होते, मालकाला म्हणलं एक दिवस तुम्ही बघा, आणि पोरींसोबत टेंपोत बसून गेले. सामना एका संस्थेच्या शाळेच्या मैदानावर होता, मुरमाचं मैदान, रात्री पाऊस होऊनसुद्धा सकाळी नऊला फक्की मारून तयार. आमच्या पोरी आधी नुसत्या पाय आपटून बघत होत्या, पाय चिटकत नाही म्हणून हसत होत्या. खेळल्या चांगल्या. शेवटच्या डावात एका गुणाची गरज होती बरोबरीला, मिनिटभर उरला असंल. समोरच्या टीमची शेवटची तुकडी आत, त्यातली एक उंच पोरगी खुंटाकडं पळाली, मागं माझी लेक. अंतर हातभर. खुंटाला धरून सूर मारला असता तर शंभर टक्के मारली असती. तिचा हात खुंटावर गेला, अंग पुढं झुकलं, आणि तिनं ते मागं घेतलं. ती पोरगी सुटली. शिट्टी झाली. आम्ही एका गुणानं गेलो.

परत येताना टेंपोत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तीच म्हणली, "मम्मी, मला वाटलं खांब हालंल."

साहेब, त्या खुंटाला काही झालं नव्हतं, तो सिमेंटात पक्का बसवलेला होता. पण तिनं जन्मात पक्का खुंट बघितलाच नव्हता तर तिच्या हाताला ते कळणार कसं. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

मुरूम मुरूम म्हणून मी बसलेय ते उगीच नाही, मुरमानं काय होतं ते मी स्वतः खेळून बघितलंय. मी आठवीत होते तेव्हा आमचे पीटीचे सर होते, कडक माणूस, आवाज असा की तांड्यापर्यंत जायचा. गावाजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं, तिथं लाल मुरूम निघाला होता ढीगच्या ढीग. सरांनी कुणाकडं अर्ज केला नाही. शनिवारी सकाळची शाळा असायची, शाळा सुटली की प्रत्येकानं एक घमेलं मुरूम आणून टाकायचा, आठवी ते दहावीच्या सगळ्यांनी. आम्ही पोरी डोक्यावर आणायचो, पोरं खांद्यावर. पाच-सहा शनिवार गेले. मग कुणाच्या तरी शेतातला दगडी रूळ बैल जुंपून फिरवला, वर पाणी मारलं, पुन्हा फिरवला. एक खो-खोचं मैदान तयार झालं, फक्त एक, कडेला चर. पण त्या वर्षी जुलैत आम्ही पावसात खेळलो. पाऊस थांबला की अर्ध्या तासात मैदानात. दुसऱ्या वर्षी आमची टीम विभागाला गेली, आम्ही पोरींनी पहिल्यांदा संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, बघितलं ते त्या घमेल्यातल्या मुरमामुळं. त्यातल्या एकीला पुढं पोलिसात नोकरी लागली, ती आजही भेटली की मैदानाचंच विचारती.

ते मैदान आता नाही. त्याच जागेवर पाण्याची टाकी आणि दोन खोल्या झाल्या. खोल्या पाहिजेच होत्या, टाकीबद्दल तर बोलायलाच नको, ज्या भागानं २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय तिथली बाई टाकीला नावं ठेवणार नाही. पण बाकी सगळं काळं रान मोकळं पडलेलं असताना नेमकी मुरमाची तेवढीच पट्टी बांधकामाला घेतली, कारण तिथं पाया खोदायला सोपं. त्याच्या बदल्यात दुसरी पट्टी करून द्यावी हे कुणाच्याच कागदात आलं नाही. सर रिटायर झाले, त्यांच्या जागेवर आजवर कुणी आलं नाही, पीटीचा तास कधी गणिताला जातो कधी इंग्रजीला. ते दुखणं वेगळं आहे, त्यावर मी स्वतंत्र लिहीन. आज मुरूमच.

खो-खोच का, असं कुणी विचारलं तर सांगते. क्रिकेटला बॅट लागती, पॅड लागतात, बॅडमिंटनला हॉल लागतो, खो-खोला बारा पोरी आणि दोन खुंट. साहित्य म्हणून जे काही आहे ते जमीनच. गरीबाचा खेळ आहे म्हणून तो आपल्याकडं रुजला. धाराशिवची सारिका काळे, भारताची कॅप्टन होती, तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला बावीस वर्षांनी मिळाला होता तो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पोरींनी फायनलला नेपाळला हरवलं, त्या टीमची कॅप्टन प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातलीच. आमच्या शाळेत त्या दिवशी पोरींनी मोबाईलवर मॅच बघितली, एका फोनभोवती पंधरा डोकी. वर्ल्ड कप मॅटवर झाला. आम्ही मॅट मागत नाही हो. मॅटवर जाण्याआधी मातीवर पक्कं उभं राहता यावं एवढंच म्हणायलोय.

पळण्याचंही तेच. अविनाश साबळेचं नाव आपल्याकडं प्रत्येक भाषणात घेतात, घ्यायलाच पाहिजे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं पोरगं, तीन हजार मीटर स्टीपलचेस पळतो, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण, पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. पण तो ॲथलेटिक्सकडं वळला ते फौजेत गेल्यावर. बारावीपर्यंत त्याच्याकडं जे होतं ते घर ते शाळा पायी तुडवलेलं अंतर. तसलं अंतर तुडवणारी लेकरं आमच्या शाळेत आजही आहेत. तांड्यावरचा एक पोरगा आहे आठवीतला, उशीर झाला की दप्तर छातीशी धरून पळत येतो, घंटेच्या आधी पोचतो, दम लागलेला नसतो. त्याला तालुक्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरला उभं केलं तर पहिल्याच वळणावर गोंधळला, कारण आखलेला ट्रॅक त्यानं कधी पाहिलाच नव्हता, सरळ रस्त्यावर पळायची सवय. दोनशे मीटरचा का असंना, मुरमाचा ट्रॅक असता, कडेनं फक्की असती, तर वळण कसं कापायचं हे त्याला दोन दिवसांत कळलं असतं.

आणि रस्त्यावर पळणं किती धोक्याचं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. पोलीस भरतीला पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे मीटर पळावं लागतं, वर शंभर मीटर आणि गोळाफेक. मराठवाड्यातलं असं गाव दाखवा की जिथं पहाटे चारला पोरं डांबरी रस्त्यावर पळत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत बीड-परळी रस्त्यावर अशाच भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना बसनं उडवलं, तीन पोरं गेली. त्यानंतर महिनाभर आमच्या गावातल्या आया पहाटे पोरांच्या मागं रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या, हातात टॉर्च घेऊन, गाडी आली की हलवायला. मीसुद्धा गेलेय, पुतण्या पळतो म्हणून. शाळेचं अडीच एकर मैदान रस्त्याच्या कडेला रिकामं, आणि आम्ही तिथं अंधारात टॉर्च हलवायलोय. शाळा भरायच्या आधी ते मैदान ह्याच पोरांच्या उपयोगाला आलं असतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी पोरीची आई म्हणून लिहायले. आमच्या भागात पोरगी नववी-दहावीला गेली की स्थळं यायला लागतात. खरं आहे ते, लपवायचं कशाला. बाप कारखान्याला जाणार, पोरीला कुणापाशी ठेवायचं ह्या काळजीत पंधराव्या-सोळाव्या वर्षी हात पिवळे करून टाकतात. ज्या पोरीचं नाव टीममध्ये आहे, जिला जिल्ह्याला जायचंय, जिचा फोटो शाळेच्या फळ्यावर लागलाय, तिच्या बापाला पाहुण्यांसमोर बोलायला काहीतरी असतं, 'पोरगी खेळती, दहावीला तिला खेळाचे गुण मिळणारेत, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, एवढ्यात नको' असं म्हणता येतं. माझ्या ओळखीच्या दोन घरांत असं झालंय, दोन्ही पोरी आज कॉलेजात आहेत. टीमच पहिल्या फेरीत घरी आली तर हे बोलायचं कशाच्या जिवावर?

आता कागदांचं सांगते. आम्ही काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. शासनाची क्रीडांगण विकासाची योजना आहे हे शाळा व्यवस्थापन समितीला कळलं, मी त्या समितीत आहे, मुख्याध्यापक सरांनी प्रस्ताव केला, मी स्वतः फायलीला पंच मारून दोरी बांधलीय. प्रस्ताव परत आला. कारण मैदानाच्या सातबाऱ्यावर शाळेचं नाव नाही. ही जागा फार वर्षांपूर्वी गावातल्या एका शेतकऱ्यानं शाळेला दिली, शब्दावर दिली, फेरफार कुणी केलाच नाही. ते आजोबा गेले. त्यांची नातवंडं भली माणसं आहेत, 'आजोबांनी दिलंय ते दिलंय, कुठं सही करायची सांगा' म्हणतात. पण सही घ्यायची कुणी? पंचायत समितीत गेलो तर म्हणले जिल्हा परिषदेचं पत्र आणा. जिल्ह्याला गेलो तर म्हणले आधी महसूलला विचारा. महसूलवाले म्हणले मागणी शाळेची नको, मालकी ज्यांची व्हायची त्या कार्यालयाची पाहिजे, म्हणजे पुन्हा जिल्हा परिषद. तीन चकरा झाल्या, एकेका चकरेला एक रोजगार बुडाला आणि तिकिटाचे वेगळे. मी कुणा एका साहेबाला दोष देत नाही, प्रत्येकानं आपापल्या टेबलापुरतं बरोबरच सांगितलं. पण तिन्ही टेबलांची बेरीज अशी झाली की पोरी व्हरांड्यात.

ग्रामपंचायतीला म्हणलं तुम्ही टाका. सरपंच म्हणले रोजगार हमीच्या कामांच्या यादीत खेळाचं मैदान आहे, घेता येतं, पण जागा शाळेची, जिल्हा परिषदेच्या पत्राशिवाय मी हात लावला तर उद्या तक्रार माझ्यावर. त्यांचंही खोटं नाही.

आपल्या मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं आहेत ही आपली वेगळी गोष्ट आहे. तिकडं पश्चिम महाराष्ट्रात गावोगावची हायस्कुलं बहुतेक शिक्षण संस्थांची. आपल्याकडं निजामाच्या राज्यातल्या सरकारी शाळा पुढं जिल्हा परिषदांकडं आल्या आणि 'प्रशाला' म्हणून उभ्या राहिल्या, माझ्या वडलांच्या पिढीतला जो कुणी शिकला तो तिथंच शिकला. ह्या शाळेला दुसरा मालक नाही, देणगी देणारा संस्थाचालक नाही, तुम्हीच आहात. म्हणून पत्र तुम्हाला.

गावकऱ्यांचंही चुकतं, ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. लग्नाचा मंडप मैदानात, जत्रेतली कुस्ती मैदानात, सोयाबीन वाळू घालायचं तर ताडपत्र्या मैदानात, मंडपाचे खड्डे कुणी बुजवत नाही आणि बाटल्यांच्या काचा मी स्वतः वेचल्यात. मुरूम पडला आणि पुन्हा त्यात कुणी मेखा ठोकल्या तर काय उपयोग. म्हणून समितीच्या बैठकीत आम्ही ठरवलंय आणि ग्रामसभेत मांडणार आहोत की मुरमाच्या पट्टीवर मंडप नाही, वाहन नाही, कुणाचंही लग्न असो, उद्या माझ्या घरचं असलं तरी. बाकीचं दोन एकराच्या वर काळं रान आहे की, तिथं करा.

आता हिशोब. अडीच एकर भरून मुरूम मागत नाही. खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर, चारी बाजूंनी पळायला पाच-पाच मीटर मोकळं सोडलं तर साधारण हजार चौरस मीटर. अर्धा फूट थर दाबून बसवायचा तर पन्नास-साठ ब्रास मुरूम, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हायवा टिपरनं आणला तर दहा-बारा खेपा. मधल्या पाणंद रस्त्याला ह्याच्या कितीतरी पट मुरूम पडला, तो पडायलाच पाहिजे होता, माल बाहेर काढायचा तर रस्ता लागतो. त्याच खाणीतला थोडा इकडं वळवायचा. गावातल्या आठ ट्रॅक्टरवाल्यांनी शब्द दिलाय, ट्रॉली त्यांची, डिझेल आम्ही वर्गणीतून घालणार. जेसीबीवाला शाळेचाच जुना विद्यार्थी आहे, भरायचे पैसे घेणार नाही म्हणतो. खुंटाखाली सिमेंट-खडी घालून पक्कं बसवायचं काम गावातला गवंडी करतो. कडेनं चर खोदायला आम्ही बायका आहोत, बचत गटाच्या वीस जणी.

मग तुमच्याकडून काय पाहिजे? पहिलं, जिल्हा परिषदेचं एक पत्र, की शाळेच्या मैदानावर मुरूम टाकायला हरकत नाही. दुसरं, त्या पन्नास-साठ ब्रासची रॉयल्टी माफ करावी म्हणून तहसीलदार साहेबांना तुमच्या सहीची शिफारस, कारण परवानगी न घेता उचलला तर ट्रॅक्टर जप्त होतात आणि गरीबाचा ट्रॅक्टर सुटता सुटत नाही. तिसरं, बांधकाम विभागाचा रोलर दोन दिवस. आणि फेरफाराचा अर्ज तुमच्या कार्यालयाकडून जाऊ द्या, तो मंजूर व्हायला वर्ष लागलं तरी चालंल, पुढच्या वर्षी योजनेतून ट्रॅक करू. मुरूम मात्र थांबू शकत नाही. सात जूनला मृग लागतो. एकदा का दोन पाऊस झाले की त्या मैदानात ट्रॅक्टर घालता येत नाही, घातला तर तिथंच रुतंल आणि मग थेट दिवाळी. म्हणजे लेकीचं दहावीचं वर्षसुद्धा व्हरांड्यातच गेलं.

क्रीडा अधिकारी साहेबांना एक वेगळी विनंती. तालुक्याच्या तारखा ठरवताना आमच्या काढणीचे दिवस बघत जा. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन काढायला येतं, मजूर मिळत नाही, घरातलं प्रत्येक माणूस रानात लागतं, वरून पावसाचं भ्या, बनीम, म्हणजे काढलेल्या सोयाबीनचा ढीग, झाकायला रात्री उठावं लागतं. त्या आठवड्यात सामना असला की बाप पोरीला पाठवत नाही आणि त्या बापाला मी वाईट म्हणू शकत नाही. पोळ्याच्या आसपास घेतल्या तर आम्हाला सोयीचं, पिकं उभी असतात, हातात थोडा वेळ असतो. कृषी विभागाकडं पीकपाण्याचं सगळं असतं, एक फोन केला तरी कळंल.

कुणी म्हणंल शाळेच्या खोल्या गळायल्यात, शिक्षक कमी आहेत, आणि ही बाई मैदानाचं काय घेऊन बसली. खोल्यांसाठी पैसे लागतात, शिक्षकांसाठी मंत्रालय लागतं, ते मला कळतं. ह्याला मात्र एक पत्र लागतं, एक शिफारस लागती आणि एक रोलर लागतो, बाकी सगळं गावानं जमवून ठेवलंय. आणि मैदान हे काही चैन म्हणून मागत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीसोबत खेळाचं मैदान स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्याकडं कागदावर ते आहेच, अडीच एकर. वर्षातून सात महिने त्यावर खेळता येत नाही एवढंच त्या कागदात कुठं दिसत नाही.

मंगळवारी आमच्या गावचा बाजार असतो, तो सोडून कुठल्याही दिवशी या, आधी कळवलं नाही तरी चालंल. येताना बूट घालून या आणि त्या खुंटाला एकदा हात लावून बघा. यायला जमत नसंल तर पत्र कुठल्या टेबलावरून, कोणत्या दिवशी घ्यायचं तेवढं मुख्याध्यापक सरांना फोन करून सांगा. मी सकाळच्या पहिल्या बसनं येते. ट्रॅक्टरवाल्यांना मी मेच्या शेवटच्या आठवड्याचं सांगून ठेवलंय.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य आणि ह्याच प्रशालेची जुनी विद्यार्थिनी